पदवीचाही जमाखर्च मांडा



बारावीचा निकाल लागला की शेतकी विभागात ऊसनोंदीबरोबर एक विचारणा हमखास होते, "साहेब, पोरीला पर्यावरण इंजिनिअरिंगला घालू का?"

विषय कामाचा आहे, यात शंका नाही. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यामुळे कारखान्याला सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय ओढ्याला सोडता येत नाही. डिस्टिलरीचा स्पेंटवॉश तर त्याहून अवघड. पण एका कारखान्याला या कामाची माणसे मोजकीच लागतात, हेही ध्यानात घ्या.

आता खर्च धरा. आडसालीत पैसा दीड वर्ष अडकतो, पदवीत चार वर्षे. समजा, ६ लाख कर्ज काढले आणि व्याज १० टक्के. वर्षाला ६० हजार, म्हणजे महिना ५ हजार नुसते व्याज, मुद्दल जागेवरच. हप्ता शिक्षणानंतर सुरू होतो, व्याज मात्र उचल घेतल्या दिवसापासून चढते. पगाराचा अंदाज कॉलेजच्या जाहिरातीवरून बांधू नका. तिथून दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या पोरांना विचारा.

आमच्या मते दुसरी वाट बरी. सरकारी कॉलेजात सिव्हिल किंवा केमिकलची पदवी घ्यावी, म्हणजे नोकरीची दारे जास्त उघडी राहतात. मग पर्यावरणात एम.टेक. करावे. 'गेट' परीक्षेत २०२१ पासून पर्यावरणाचा वेगळा पेपर आहे. 'गेट'मधून मान्यताप्राप्त संस्थेत एम.टेक.ला गेलेल्यांना महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते.

पोरगी हुशार आहे, तिला शिकवाच. पण डोनेशनपायी जमीन गहाण टाकू नका. जमीन गेली तर पगारातून ती परत येत नाही.