अनुभव कुणाचा धरायचा?

२०२१ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या हजारो अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. फोन वारंवार बंद पडणारे, त्यांत मेमरी अपुरी, आणि 'पोषण ट्रॅकर' हे केंद्र सरकारचं नवं ॲप इंग्रजीत. दहा-अकरा नोंदवह्या वर्षानुवर्षं चोख सांभाळणाऱ्या या बायका. पण अशा वेळी 'बायकांना नवीन तंत्र जमत नाही' हे वाक्य ठरलेलंच. पुढे ॲपमध्ये मराठीसह इतर भाषा आल्या. प्रश्न भाषेपुरताच होता का?

फोनवर कोणता प्रश्न आधी विचारायचा, कोणता रकाना सक्तीचा, बटण कुठे, हे ठरवणं हा आता एक स्वतंत्र व्यवसाय आहे. त्या माणसाला 'यूजर एक्स्पीरियन्स डिझायनर' म्हणतात. म्हणजे वापरणारीचा अनुभव घडवणारा. मग हा घडवणारा येतो कुठून? आपल्याकडे नोकरीसाठी डिझाइन संस्थेची किंवा इंजिनिअरिंगची पदवी पाहिली जाते, आणि इंग्रजी तर गृहीतच.

गंमत म्हणजे या व्यवसायाचा पाया घालणारे असे एका साच्यातले नव्हते. डोनाल्ड नॉर्मन यांनी १९९० च्या दशकात ॲपल कंपनीत 'यूजर एक्स्पीरियन्स' हा शब्द रूढ केला, ते मानसशास्त्रज्ञ. मॅकिन्टॉश संगणकावरची चिन्हं आलेखाच्या कागदावर चौकोन भरून काढणारी सुझन केअर ललित कलेची. ब्रेंडा लॉरेल नाट्यशास्त्राची. ल्यूसी सचमन मानववंशशास्त्रज्ञ. तिने झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात नव्या यंत्रापुढे अडखळणाऱ्या माणसांचं चित्रीकरण केलं. त्यांत नामवंत संगणकतज्ज्ञही होते. पुरुषांना यंत्र जमत नाही, असा निष्कर्ष मात्र कुणी काढला नाही. दोष यंत्राच्या आखणीत शोधला गेला.

म्हणजे चित्रकला चालते, नाटक चालतं, माणसांचं निरीक्षण चालतं. मग अंगणवाडीतली वीस वर्षं का चालू नयेत? पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेल्या मुलीची नोंद सासरच्या गावी असते आणि आहार इथे द्यायचा असतो. सेविका वहीच्या समासात दोन शब्द लिहून मोकळी होते. फोनला समास नसतो. रकाना आखणाऱ्याला माहेरपण ठाऊक असेल तरच तिथे जागा मिळणार. हे ज्ञान कोणत्या पदवीत शिकवतात?

हे स्वप्नरंजन नाही. नॉर्वेमध्ये १९८० च्या दशकात 'फ्लोरेन्स' नावाचा प्रकल्प झाला. परिचारिकांच्या कामासाठी संगणक-व्यवस्था करायची, तर तिला काय लागतं ते परिचारिकांनीच सांगायचं, अशी त्यामागची भूमिका. आधी संगणकवाल्यांनी वॉर्डातलं काम समजून घेतलं, परिचारिकांनी संगणक समजून घेतला, आणि मग आखणी झाली. ग्रो ब्यर्कनेस आणि टोने ब्राटेटाइग या दोन बायका त्या संशोधनात पुढे होत्या.

आपल्याकडे फार तर ॲप तयार झाल्यावर 'प्रशिक्षण' होतं. सेविकेने तिथे खाली मान घालून शिकायचं. एखादीने 'हे असं नसतं हो साहेब' म्हटलं, तर ते ऐकणाऱ्याच्या हातात बदल करणं नसतंच.

मानधनवाढीच्या मागण्यांबरोबर संघटनांनी आणखी एक मागणी लावून धरावी असं मला वाटतं. अंगणवाडी, आशा, बचत गट यांच्यासाठीचं कोणतंही ॲप आखताना पहिल्या दिवसापासून त्या कामातल्या बायका आखणीच्या टेबलावर हव्यात. त्या दिवसांचा मोबदला डिझायनरला मिळतो त्या दराने मिळावा, चहा-बिस्किटांवर भागवू नये. आणि निविदेच्या कागदावर 'अनुभव' या रकान्यात त्यांची अंगणवाडीतली वर्षं लिहिली जावीत.