रूपाची मजुरी

पुढे काय होणार, असे विद्यार्थ्यांस विचारले असता पूर्वी शिक्षक, परिचारिका, रेल्वेतील बाबू अशी उत्तरे येत. हल्ली त्यांत ‘मॉडेल’ हेही उत्तर ऐकू येते. त्यात आम्हांस हसण्यासारखे काही दिसत नाही. अंगावरचे वस्त्र पाहणाऱ्यास घ्यावेसे वाटेल अशा रीतीने वागविणे हे कामच आहे, आणि काम म्हटले की मजुरीचा प्रश्न आलाच. परंतु या मजुरीविषयी जे लोकांच्या कानी पडते, ते केवळ शिखरावरचे असते.

अमेरिकेतील ‘फोर्ब्स’ मासिकाने 2016 साली ब्राझीलच्या जीजेल बुंडशेन हिची वर्षाची मिळकत 3 कोटी 5 लक्ष डॉलर सांगितली, व ती बातमी जगभर पसरली. त्याच देशाच्या सरकारी श्रमखात्याने 2012 साली केलेल्या मोजणीकडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही. तीप्रमाणे निम्म्या मॉडेलांस तासाला सुमारे 9 डॉलर अथवा त्याहूनही कमी मिळत होते. तेथील कायद्याने ठरविलेली किमान मजुरी तेव्हा सव्वासात डॉलर होती! शिवाय हे तासही रोज मिळतात असे नाही.

आपल्या देशात आणखी एक अडचण आहे. 1941 साली लीला चिटणीस या पदवीधर नटीचे छायाचित्र लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकले. हिंदी चित्रपटांतील नटीने हे काम करण्याची ती पहिलीच वेळ समजली जाते. पुढे तोच प्रघात पडला, आणि जाहिरातींतील मोठा पैसा आधीच नाव झालेल्यांकडे, म्हणजे नटनट्यांकडे व क्रिकेटपटूंकडे, जाऊ लागला. तो मोबदला रूपाचा नसून नावाचा होय. मधू सप्रे, मिलिंद सोमण ही मराठी माणसे प्रथम मॉडेल म्हणूनच प्रसिद्धीस आली हे खरे. पण अशी नावे बोटांवर मोजावी इतकीच.

उरलेल्यांचा हिशेब कसा चालतो, हे अ‍ॅशली मिअर्स या समाजशास्त्रज्ञ बाईंनी स्वतः न्यूयॉर्क व लंडन येथे हे काम करून पाहिले, आणि 2011 साली ‘प्रायसिंग ब्यूटी’ या ग्रंथात मांडले. ज्या नामांकित मासिकाच्या पानावर झळकण्यासाठी मुली जीव टाकतात, ते मासिक अगदी थोडे पैसे देते. साध्या मालाच्या सूचिपत्रासाठी उभे राहिले, तर मानमरातब नाही, परंतु पैसे बरे मिळतात. (या एका धंद्यात स्त्रीस पुरुषाहून अधिक मोबदला मिळतो, हे आमच्या विद्यार्थिनींनी अवश्य लक्षात ठेवावे.) मिळकतीतून अडत्या संस्थेचे कमिशन जाते. तिने प्रवासासाठी, राहण्यासाठी, छायाचित्रांसाठी आधी केलेला खर्चही त्यातूनच वळता होतो. कित्येकींच्या हाती शेवटी कर्जच उरते.

हे वाचून बीड जिल्ह्यातील वाचकास ‘उचल’ हा शब्द आठवल्यावाचून राहणार नाही. ऊसतोडीस जाणारे जोडपे हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घेते, कारखान्यावर कोयता चालवून ती फेडते, आणि फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर चढते. चकचकीत मासिकातील मुलगी व थळातील मजूर यांचा व्यवहार इतका सारखा असावा, याचे आम्हांस प्रथम आश्चर्य वाटले. आमच्या मते भेद आहे तो मजुराच्याच बाजूचा! तोडणीचा दर टनामागे ठरलेला व सर्वांस ठाऊक असतो. संघटना त्यासाठी भांडतात. जानेवारी 2024 मध्ये त्यांनी तो शेकडा 34 ने वाढवून घेतला. मॉडेलास असा दर कोठला? आज दहा हजार, उद्या नुसता अंगावरचा पोशाख, परवा ‘तुझे नाव होईल’ एवढेच आश्वासन. न्यूयॉर्क राज्याने डिसेंबर 2024 मध्ये यासाठी निराळा कायदा केला. तो जून 2025 पासून लागू झाला असून, अडत्याने सरकारदरबारी नोंद केली पाहिजे व शेकडा 20 हून अधिक कमिशन घेता कामा नये, असे त्यात आहे.

पालकांनी मुलांस एकदम नको म्हणू नये, पण कागद मागावा. मजुरी दिवसाची की छायाचित्राची? ते छायाचित्र किती वर्षे व कोठे कोठे वापरणार? कारण एका दुपारी काढलेले चित्र पाच वर्षे फलकांवर राहिले, तर त्या पाच वर्षांचे मोल निराळे मागता येते. पैसे किती महिन्यांनी येणार, आणि मधले कोण किती कापणार? आणि निवड झाल्याचे कळवून, प्रथम छायाचित्रांच्या संग्रहासाठी अमुक हजार भरा, असे जो फोनवरून सांगतो, त्याची मिळकत त्या हजारांवरच चालते. त्यास पैसे पाठवू नयेत.