शिकायचीच तर आहे!

गेल्या महिन्यात अकोल्याहून मावशीचा फोन आला. धाकट्या मावसभावाला नोकरी लागली, एमआयडीसीत, आणि आता त्याला गाडी पाहिजे. गिअरची गाडी त्यानं आयुष्यात चालवलेली नाही. "तुले समजते त्यातलं, सांग ना त्याले," मावशी म्हणाली. आणि मी तोंड उघडायच्या आत निकालही देऊन टाकला, "नवीन कायले पाहिजे बापा? शिकाचीच त आहे! पडला-गिडला त जुनीच बरी. तुह्या काकानं पाह्यली एक, बावीस हजारात देऊन रायला."

हे "शिकाचीच त आहे" मी गेली वीस वर्षं ऐकतोय. राजकमल चौकातल्या चहाच्या टपरीवर ऐकलं, बडनेऱ्याला कॉलेजच्या पार्किंगमध्ये ऐकलं, आणि सगळ्यात आधी आमच्या घरी ऐकलं. आता ह्या वाक्याशी एकदा नीट भांडायचं ठरवलंय.

आधी एक सांगून टाकतो. मी "नवीनच घ्या" पार्टीतला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हापासून शोरूमवाल्यांना आणि मुलांना दोघांनाही जोर चढलाय. पण पहिल्या पगारावर तीन वर्षांचा हप्ता बसवून घ्यायचा आणि मग इंडिकेटर फुटला की रात्रभर झोप नाही, ह्यात काय मजा आहे? नवशिक्या पडणार. स्टँड काढायला विसरणार, वळताना उभ्या-उभ्या गाडी आडवी करणार. ह्याच्यासाठी जुनी गाडी उत्तम. माझं भांडण "जुनी"शी नाही. त्या वाक्यात न बोललेला एक शब्द आहे, "कशीही". शिकायचीच तर आहे, कशीही चालेल. नाही चालणार!

आमच्या धंद्यातलं उदाहरण देतो. डॉक्युमेंटेशन नसलेला दहा वर्षं जुना कोड कंपनीतला जुना खोंड सांभाळू शकतो, कारण कुठे काय फाटलंय हे त्याला पाठ असतं. तोच कोड नवीन पोराच्या गळ्यात मारला तर त्याला कळतच नाही की चूक आपली आहे की आधीच्याची. गाडीचं अगदी तेच. मुरलेल्या माणसाला पन्नास मीटर चालवून समजतं की मागचा ब्रेक धरत नाही. नवशिक्याला वाटतं, आपल्यालाच ब्रेक मारता येत नाही.

हे मी अनुभवानं बोलतोय. माझी पहिली गाडी (कंपनीचं नाव घेत नाही, बिचारीचा दोष नव्हता) चाळिसाच्या पुढे गेली की हँडल थरथरायचं. मित्र म्हणायचे, "हात कडक ठेवतं बे तू, ढिला सोड." मी सहा महिने हात ढिला सोडायची प्रॅक्टिस केली! मग एका संध्याकाळी बडनेरा रोडवर खड्डा चुकवताना हँडल असं काही हललं की मी आणि गाडी वेगवेगळ्या दिशांना. डावं मनगट मोडलं. मिस्त्रीनं गाडी मधल्या स्टँडवर घेतली, पुढचं चाक उचललं, शॉकअप धरून मागेपुढे हलवलं. टक्-टक्, टक्-टक्. "कोनसेट गेला नं भाऊ, कधीचाच." कोनसेट म्हणजे हँडल ज्या बेअरिंगवर फिरतं ते. किरकोळ पैशांचं काम. ते सहा महिने मी स्वतःला मूर्ख समजत होतो, ह्याचा राग मनगटापेक्षा जास्त आहे.

आणि तेव्हा रस्ते खराब होते हे एका अर्थी नशीबच म्हणायचं. अमरावती-अकोला रस्ता म्हणजे टिंगलीचा विषय होता, तिसाच्या वर कोण जाणार? जून २०२२ मध्ये ह्याच रस्त्यावर ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज रेकॉर्ड झालं. अभिमान आहेच. पण आता आठ दिवस गाडी शिकलेला पोरगा मूर्तिजापूरला सत्तरनं जातो. बाजूनं ट्रक, समोर बिनदिव्याचा ट्रॅक्टर, आणि शेतातून कधी रोही आडवा येईल नेम नाही. अशा वेळी त्याच्या आणि दवाखान्याच्या मध्ये काय असतं? दोन टायर आणि ब्रेकचे लायनर. नेमक्या ह्याच दोन गोष्टी बावीस हजाराच्या गाडीत कोणी बघत नाही. बघतात काय, तर टाकीवरचा रंग, सीट कव्हर आणि "ॲव्हरेज किती देते?"

तर बघायचं काय? सकाळी जा, आणि आपण येईपर्यंत गाडी चालू करू नका असं आधीच बजावा. गरम करून ठेवलेलं इंजिन सगळ्यांचंच छान चालू होतं. सायलेन्सरमधून निळसर धूर येत राहिला तर ऑइल जळतंय, हात जोडा आणि निघा. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात, २३१७ म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी इतकं जुनं रबर कडक झालेलं असतं, ते बदलायचे पैसे धरूनच भाव करा. शॉकअपच्या दांडीवर तेल आहे का, चेन-सॉकेटचे दात करवतीसारखे झालेत का, आणि तो कोनसेट! किलोमीटरच्या आकड्यावर मात्र विश्वास ठेवू नका. मीटरची केबल काढून ठेवणं हा आपल्याकडे गुन्हा नाही, संसारी शहाणपणा समजतात. सगळ्यात सोपं म्हणजे ओळखीच्या मिस्त्रीला दोनशे रुपये देऊन सोबत न्या. विकणाऱ्यानं सुचवलेला मिस्त्री नको, हे वेगळं सांगायला नकोच.

अजून एक. १ एप्रिल २०१९ पासून नव्या दुचाकींना एबीएस किंवा सीबीएस सक्तीचं झालं. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीत बहुतेक सीबीएस असतं, म्हणजे मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. घाबरलेला नवशिक्या नेहमी मागचाच ब्रेक दाबतो. त्याच्यासाठी ह्यापेक्षा कामाची गोष्ट नाही. म्हणून २०१९ नंतरची गाडी दहा हजारांनी महाग मिळाली तरी मी तीच घे म्हणेन. (आरएक्स हंड्रेडच्या भक्तांनी कृपया शिव्या घालू नयेत. ती गाडी १९९६ सालीच बंद झाली, आजचा भाव बघता ती स्वस्तही नाही, आणि तिच्यावर शिकणं म्हणजे पोहायला शिकायला पुरात उडी मारणं.)

आता खरा राग येतो तो मुद्दा. काका म्हणाले, "नावावर करून काय करतं? सह्या केलेले फॉर्म भेटतेत, चालव बिनधास्त." फॉर्म २९ आणि ३०, तारखेची जागा कोरी. अशा गाड्या वऱ्हाडात किती फिरतात! गाडी एमएच-२७ची, मालक अमरावतीचा, त्यानं दर्यापूरवाल्याला विकली, त्यानं एजंटला, एजंटनं अकोल्यात. कागदावर अजून पहिलाच मालक. कायदा सांगतो, विकणाऱ्यानं चौदा दिवसांत कळवायचं आणि घेणाऱ्यानं तीस दिवसांत अर्ज करायचा. कोण करतो?

आधी विकणाऱ्यानं घाबरावं. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार ह्या खटल्यात २०१८ साली सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलं की गाडी कितीही हात फिरली असली तरी नोंदणी ज्याच्या नावावर तोच मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याची. आणि घेणाऱ्याचं काय? २०१८ पासून मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा १५ लाखांचा आहे. नाव बघा, मालक-चालक. आरसीवर तुझं नाव नाही तर तू फक्त चालक. उद्या काही झालं तर मावशीच्या हातात त्या कोऱ्या तारखेच्या फॉर्मशिवाय काही येत नाही. हे वाक्य मी तिला फोनवर असंच्या असं म्हणालो. पलीकडे बराच वेळ शांतता होती.

काकांची गाडी एम-परिवहनवर टाकून बघितली. २०१० ची, म्हणजे नोंदणीची पंधरा वर्षं संपलेली. नूतनीकरणाची फी २०२२ मध्ये तीनशेची हजार झाली, पर्यावरण कर वेगळा, नवी नंबर प्लेट वेगळी. वर बँकेचा बोजाही उतरवलेला नव्हता. बावीस हजारात "देऊन रायला" तो काय उगाच?

शेवटी जठारपेठेतल्या एका निवृत्त मास्तरांची २०१९ ची गाडी अडतीस हजारात मिळाली. दोन टायर, लायनर, ऑइल आणि आयएसआय हेल्मेट मिळून सहा हजार वर. काका अजून रुसलेले आहेत. आरसी नावावर होऊन घरी यायला सव्वा महिना लागला, तोवर पोरगं गल्लीतल्या गल्लीत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर फिरत होतं. पहिल्याच आठवड्यात घरासमोरच्या नालीत गाडी आडवी केली. क्लचची लिव्हर वाकली. दीडशे रुपये.