कुत्रीचा खोटा गाभ



ठाण्याजवळच्या बाळकुम गावठाणातून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या घरी पांढरी, केसाळ, छोट्या चणीची कुत्री आहे. अशा कुत्र्याला आपल्याकडे सरसकट पामेरियन म्हणतात. नवव्या महिन्यात ती पहिल्यांदा माजावर आली. तेव्हा तिला घरातच जपून ठेवले होते. आता सव्वादोन महिन्यांनी तिची आचळे फुगली आहेत, दुधाचा थेंब दिसतो, ती पलंगाखाली गोणपाट उकरते आणि बाळाचा लोकरी मोजा तोंडात धरून तिथे नेऊन ठेवते. कोणी हात पुढे केला की गुरगुरते.

खरा प्रश्न पत्राच्या दुसऱ्या पानावर आहे. सासूबाई म्हणतात, शाळकरी नात संध्याकाळी कुत्रीला खाडीकडे फिरवायला नेते, तिनेच साखळी सोडली असणार. मुलगी रडून सांगते की सोडली नाही. दोन दिवस ती जेवलेली नाही. आणि दिरांच्या ओळखीचा कोणीतरी गाभ पाडण्याचे इंजेक्शन आणून देतो म्हणतो. ते द्यावे का?

इंजेक्शन मुळीच देऊ नका, असे त्यांना मी फोनवर लगेच कळवले. कारण इथे सांगतो, म्हणजे इतरांनाही उपयोग होईल.

बाळकुम, ढोकाळी, कोलशेत या बाजूला भातखाचरांच्या जागी आता उंच इमारती आल्या. गोठे गेले, पण गोठ्यातला हिशेब डोक्यातून गेलेला नाही. गाय भरवली आणि २१ दिवसांनी ती उलटली नाही, तर आपण गाभण धरतो. कास सुटली की व्यायला आली म्हणतो. गाईला हा हिशेब बराचसा लागू पडतो, कुत्रीला अजिबात नाही. कुत्री सहा-सात महिन्यांनीच पुन्हा माजावर येते, त्यामुळे ती उलटण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. आणि दूध उतरणे हा तर तिच्या बाबतीत पुरावाच नव्हे.

असे का होते? माजानंतर बीजकोशावर पीतपिंड तयार होतो आणि तो गर्भ सांभाळणारे संप्रेरक, प्रोजेस्टेरॉन, सोडू लागतो. गाय गाभण नसली तर तिचे गर्भाशय पंधरा-सतरा दिवसांत पीतपिंडाला विरघळण्याचा इशारा देते, म्हणून माज परत येतो. कुत्रीच्या शरीरात असा इशाराच नाही. नराचा संबंध आला असो वा नसो, पीतपिंड सुमारे दोन महिने काम करीत राहतो. म्हणजे न भरवलेल्या कुत्रीचे शरीरही दोन महिने गाभण असल्यासारखेच चालते. मग प्रोजेस्टेरॉन उतरते, पान्हा आणणारे प्रोलॅक्टिन चढते, आणि काही कुत्र्यांत आईपणाची सगळी लक्षणे उमटतात. हाच खोटा गाभ. हा रोग नव्हे, वेडही नव्हे. लांडग्यांच्या कळपात बहुधा एकच मादी विते, तेव्हा बाकीच्या माद्यांनाही पान्हा फुटला तर पिल्ले जगायला मदत होते; ती खूण कुत्र्यांत राहून गेली असावी, असे जाणकार मानतात.

शेळीतही खोटा गाभ असतो, पण तो वेगळा. तिथे गर्भाशयात खरोखर पाणी साठते, पोट वाढते आणि एके दिवशी पाणी वाहून जाते, करडू काही निघत नाही. त्या शेळीला डॉक्टरच लागतो. कुत्रीच्या खोट्या गाभात गर्भाशय रिकामेच असते.

मग खरा आणि खोटा ओळखावा कसा? लक्षणे बहुधा माजानंतर सहा ते आठ आठवड्यांनी दिसतात. कधी थोडी उशिरानेही. जागा उकरणे, बाहुली, चप्पल किंवा मोजा पिल्लासारखा सांभाळणे, अन्नावरची वासना जाणे, कण्हणे, चिडचिड, हे सारे खऱ्या गाभातही असते. पोटाच्या आकारावर तर विसंबूच नका. छोट्या कुत्रीच्या पोटात एकच पिल्लू असले तर पोट फारसे दिसत नाही, आणि ते एकटे पिल्लू मोठे वाढून विताना अडण्याची भीती असते. म्हणून खात्री करून घेणे भाग आहे. कुत्रीचा गाभ भरवल्यापासून सुमारे ६३ दिवसांचा. साधारण २५ ते ३० दिवसांपासून सोनोग्राफीत गर्भ दिसतो. ५५ दिवसांनंतर एक्स-रेमध्ये पिल्लांची हाडे दिसतात, ती मोजताही येतात. ठाण्यात खासगी प्राणी-डॉक्टरांकडे सोय होते. नाहीतर परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १८८६ सालापासूनचे, आणि तिथेच बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राणी रुग्णालयही आहे. मी शेतीचा पदवीधर, जनावरांचा डॉक्टर नव्हे; पोट तपासणे हे त्यांचेच काम.

बाळकुमच्या कुत्रीची सोनोग्राफी झाली. गर्भाशय रिकामे होते. मुलीने साखळी सोडली नव्हती.

आता त्या इंजेक्शनाविषयी. गाभ पाडण्यासाठी पूर्वी सर्रास दिली जाणारी इस्ट्रोजेनची इंजेक्शने गर्भाशयात पू होण्याला निमंत्रण देतात, आणि हाडांतला मगज, जिथे रक्त तयार होते, तो निकामी करू शकतात. इथे तर पाडायला गाभच नव्हता. माज लांबवण्याच्या इंजेक्शनांचेही तसेच. त्यांनीही गर्भाशयात पू होण्याचा धोका वाढतो.

खोटा गाभ बहुतेक वेळा दोन-तीन आठवड्यांत आपोआप ओसरतो. घरच्यांनी करायचे ते थोडेच. आचळे दाबून दूध काढू नका, चोळू नका, शेकू नका. गाईची कास मोकळी करायची सवय असलेल्या हाताला हे पटत नाही, पण जितके काढाल तितके येत राहील. कुत्री स्वतःच चाटत असेल तर गळ्यात रुंद कॉलर बांधा. मोजा तोंडातून हिसकावू नका, ती चावेल. ती फिरायला गेली की मोजा आणि गोणपाट दोन्ही उचलून ठेवा. फिरवणे वाढवा. लहान मुलांना पलंगाखाली जाऊ देऊ नका. काही घरांत कौतुकाने तिला दूध आणि तूप-पोळी चारतात. बाळंतिणीचा खुराक इथे उलटा पडतो. नेहमीचेच अन्न किंचित कमी द्या, पाणी मात्र कधीही तोडू नका. फार त्रास असेल तर प्रोलॅक्टिन उतरवणारे कॅबरगोलिन नावाचे औषध आहे, पण ते डॉक्टरांनी, आणि कुत्री गाभण नाही याची खात्री झाल्यावरच द्यायचे. गाभण कुत्रीचा त्याने गर्भपात होतो.

दोन प्रसंगी मात्र वाट पाहू नका. आचळ लाल, गरम, कडक झाले, हात लावू देत नाही किंवा दुधात पू-रक्त दिसले, तर ती आचळाची दाह आहे. दुसरा प्रसंग अधिक वाईट. माजानंतरच्या याच आठवड्यांत गर्भाशयात पू होऊ शकतो. कुत्री मलूल पडते, पाणी फार पिते, ओकते, मागून घाण स्राव येतो. काहींत तोंड बंद असल्याने स्राव येतही नाही आणि नुसते पोट फुगते. वयस्कर कुत्र्यांत हे जास्त, पण तरुण कुत्रीतही होते. अशा वेळी त्याच दिवशी दवाखाना गाठा.

सासूबाईंनी आणखी एक विचारले आहे : एकदा पिल्ले होऊ दिली की हे थांबेल का? नाही. पुढच्या माजानंतर पुन्हा होऊ शकते, पिल्ले झालेल्या कुत्रीलाही. उलट, आज खोटा गाभ राहिला म्हणून उद्या खरा राहणार नाही असेही नाही. पिल्ले नकोच असतील तर शस्त्रक्रियेने बीजकोश काढणे हा कायमचा उपाय. तीही आत्ता नको. दूध असताना केली तर खोटा गाभ लांबण्याची शक्यता असते. दूध पूर्ण आटू द्या, माजापासून तीन-चार महिने जाऊ द्या, मग करा.

तोवर, ज्या दिनदर्शिकेवर दूधवाल्याचे खाडे मांडता, तिथेच माजाचा पहिला लाल दिवस लिहून ठेवा. सहा महिन्यांनी त्या तारखेच्या आसपास साखळी मोठ्या माणसाच्या हातात द्या.