कच्चं कोण – मुलगी की आपला फॉर्म?

मैंदर्गी हे अक्कलकोट तालुक्यातलं, कर्नाटकच्या सीमेजवळचं गाव. इथं कित्येक घरांत बोलणं कानडीतून चालतं. शिक्षणाच्या पाहणीसाठी मी मराठी फॉर्म घेऊन गेले होते. आठ-नऊ वर्षांची एक मुलगी माझ्या प्रश्नांना गप्पच राहिली. ‘हिशेब येत नाही’ असं मी लिहून टाकलं. शेजारच्या मावशींनी तोच हिशेब कानडीत विचारला, ‘एष्टु?’ मुलीनं लगेच बरोबर उत्तर दिलं. मला माझा शेरा खोडावा लागला.

मैत्रिणींनो, चूक कागदापुरती राहत नाही. मुलगा कच्चा ठरला तर त्याला शिकवणी लावतात. मुलगी कच्ची ठरली तर तिची शाळा सुटते. अल्पसंख्य भाषक मुलांच्या प्राथमिक शिक्षणाची सोय मातृभाषेतून करावी, असं संविधानाचा अनुच्छेद ३५०क १९५६ पासून सांगतो. २००९चा शिक्षण हक्क कायदाही शक्य तिथं मातृभाषेचाच आग्रह धरतो. मग तपासणी तेवढी परक्या भाषेत का?

मराठी तिला यायलाच हवी. पण मराठी न येणं म्हणजे अक्कल नसणं नव्हे. यापुढे आपल्या प्रत्येक फॉर्मवर पहिला प्रश्न असावा : घरी कोणती भाषा बोलता? आणि पुढचे प्रश्न गावातल्याच बाईनं त्या भाषेत विचारावेत.