मावळ तालुक्यातील महाविद्यालयीन अध्यापकांचे हक्क आणि वर्तननियम यांबाबत निवेदन

प्रति,
मा. कुलगुरू,
सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, पुणे

विषय : अध्यापकांचे हक्क व वर्तननियम नियुक्तिपत्रासोबत लेखी देणे आणि तासिका तत्त्वावरील अध्यापकांना तक्रार निवारणाच्या कक्षेत आणणे

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत अध्यापकांसाठी व्यावसायिक आचारसंहिता आहे. विद्यार्थ्यांमध्ये धर्म, जात, लिंग वा आर्थिक स्थितीवरून भेद न करणे, त्यांना सहकाऱ्यांविरुद्ध वा प्रशासनाविरुद्ध न चिथावणे, अध्यापनाला बाधा येईल अशी खासगी शिकवणी न घेणे, ही त्यातील बंधने योग्यच आहेत. त्यांतून सवलत मागण्याचा येथे हेतू नाही. त्याच विनियमांनी सहायक प्राध्यापकाचे प्रत्यक्ष अध्यापन आठवड्याला १६ तास ठरवले. कंत्राटी नेमणुका एकूण पदांच्या १० टक्क्यांपुढे जाऊ नयेत आणि कंत्राटी अध्यापकाचे वेतन नियमित सहायक प्राध्यापकाच्या एकूण मासिक वेतनाहून कमी नसावे, असेही त्यांत म्हटले. व्यवहारात मात्र बंधने सर्वांना लागू होतात आणि हक्क कायम नेमणूक असणाऱ्यांपाशी थांबतात.

लोणावळा, कुसगाव आणि तळेगाव दाभाडे या पट्ट्यात हे अधिक जाणवते. येथील महाविद्यालयांत आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळातील खेड्यांतून मुले-मुली येतात. त्यांतील कित्येकांच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारे तेच पहिले. वर्ग सुटल्यावरही थांबणारा, अर्ज भरायला मदत करणारा, अडलेला भाग पुन्हा समजावणारा अध्यापक त्यांना हवा असतो. तासिका तत्त्वावरील अध्यापकाला मोबदला मिळतो तो केवळ घेतलेल्या तासांचा. घाटमाथ्यावर अतिवृष्टीमुळे सुट्टी जाहीर झाली की त्या दिवसाचे तासही गेले आणि पैसेही. सुट्यांचा काळ तर कोराच जातो. अशा अध्यापकाने शिकवणी घेऊ नये ही अपेक्षा रास्त आहे, पण त्याचे घर कशावर चालावे याचे उत्तरही ही अपेक्षा ठेवणाऱ्यांनीच द्यायला हवे. म्हणून निदान प्रशासकीय आदेशाने बुडालेल्या तासांचा मोबदला मिळावा आणि मोबदला सत्र संपण्याची वाट न पाहता दरमहा बँक खात्यात जमा व्हावा.

विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांत प्रश्न थकबाकीचा आहे. पुणे जिल्ह्यातील एका मोठ्या संस्थेतील अध्यापकांनी २०१७-१८ मध्ये अनेक महिन्यांच्या थकीत वेतनासाठी असहकार पुकारला होता. त्याआधी २०१३ मध्ये एमफुक्टो या राज्यातील प्राध्यापक संघटनांच्या महासंघाच्या हाकेवरून राज्यभर परीक्षेच्या कामावर बहिष्कार पडला. दोन्ही वेळा विद्यार्थी टांगणीला लागले. संघटित होण्याचा आणि दाद मागण्याचा अध्यापकाचा हक्क युनेस्कोच्या १९९७ च्या शिफारशीनेही मान्य केला आहे. तो बहिष्कारापर्यंत जाऊ नये असे वाटत असेल, तर संलग्नता चालू ठेवताना विद्यापीठाने वेतन अदा झाल्याचा पुरावा मागितलाच पाहिजे.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये कलम ७९ नुसार तक्रार निवारण समिती आहे आणि कलम ८१ नुसार बडतर्फी वा सेवासमाप्तीविरुद्ध ३० दिवसांत न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. पण तासिका तत्त्वावरील अध्यापकाला बहुधा कोणी काढून टाकत नाही. पुढच्या सत्रात त्याला बोलावले जात नाही, एवढेच. आदेशच नाही, तर अपील कशाविरुद्ध करणार? त्यामुळे कार्यभार शिल्लक असूनही आधीच्या अध्यापकाला न घेतल्यास प्राचार्यांनी कारण लेखी द्यावे आणि त्याविरुद्धची तक्रार समितीने ठरावीक मुदतीत निकाली काढावी, ही या निवेदनातील सर्वांत महत्त्वाची मागणी आहे.

वर्तनाच्या बाजूने नियम अधिक स्पष्ट हवेत. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण अध्यापकाच्या हातात असतात आणि त्या गुणांची भीती दाखवून वैयक्तिक कामे करून घेणे, रात्री-अपरात्री खासगी संदेश पाठवणे, ठरावीक पुस्तक विकत घ्यायला लावणे, हे गैरवर्तन म्हणून नावानिशी नोंदवावे. गुण कोणत्या निकषांवर दिले हे विद्यार्थ्याला पाहता यावे. लैंगिक छळाच्या तक्रारीची चौकशी २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समितीने ९० दिवसांत पूर्ण करायची असते. समितीच्या सदस्यांची नावे आणि संपर्क प्रत्येक महाविद्यालयाच्या दर्शनी फलकावर असावेत. विद्यार्थ्याच्या प्रकल्पावर मार्गदर्शकाने स्वतःचे नाव लावणे हाही वाङ्मयचौर्याचाच प्रकार मानावा. त्याचबरोबर, आरोप झालेल्या अध्यापकाला आरोपपत्र, उत्तरासाठी वेळ आणि निर्णयाची प्रत मिळालीच पाहिजे.

हे सर्व हक्क आणि नियम मराठीत एकत्र छापून कायम, कंत्राटी व तासिका तत्त्वावरील प्रत्येक अध्यापकाला नियुक्तिपत्रासोबत द्यावेत, त्याची पोच महाविद्यालयाने विद्यापीठाकडे पाठवावी आणि तक्रार निवारण समितीने वर्षातून किमान एकदा लोणावळा किंवा तळेगाव येथे सुनावणी घ्यावी. याबाबतचे परिपत्रक येत्या शैक्षणिक वर्षाच्या नेमणुका सुरू होण्यापूर्वी निघावे, ही विनंती.

मावळ तालुक्यातील महाविद्यालयीन अध्यापक

प्रत : सहसंचालक, उच्च शिक्षण, पुणे विभाग