ज्ञानदानाची दक्षिणा

कर्जतहून खोपोलीकडे जाणाऱ्या लोकलमध्ये एका वृत्तपत्राची पाने चौघांत वाटून वाचली जात. आज प्रत्येकाच्या हाती भ्रमणध्वनी आहे आणि मनात आणले तर त्यात अख्खे ग्रंथालय सामावते. माथेरानच्या पायथ्याच्या ज्या वाड्यांवर पुस्तकांचे दुकान नाही, तेथेही पुस्तक पोहोचू शकते. ठाण्याच्या ई साहित्य प्रतिष्ठानने लेखकांच्या संमतीने असंख्य मराठी पुस्तके विनामूल्य वाचकांपर्यंत नेली. वाचकाने लेखकाला अभिप्राय कळवावा, एवढीच अपेक्षा ठेवली. हे कार्य निःसंशय अभिनंदनीय आहे.

तथापि, केवळ कौतुकावर लेखकाची चूल पेटत नाही. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, चित्रे यांना खर्च येतोच. दुसरीकडे नव्या पुस्तकांच्या चोरट्या प्रती बिनदिक्कत फिरतात आणि सुशिक्षित घरांतील मंडळीच त्या ‘ज्ञानप्रसार’ म्हणून पुढे पाठवतात. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे त्याच्या ग्रंथावर वारसांचा हक्क राहतो. लोकमान्यांचे १९१५ साली प्रसिद्ध झालेले ‘गीतारहस्य’ आज हक्कमुक्त आहे. ते घरोघरी पोहोचवणे पुण्यकर्मच. पण हयात लेखकाचे पुस्तक त्याच्या अनुमतीवाचून वाटणे ही चोरीच होय. तिला देशकार्याचा मुलामा देता येणार नाही.

यावर मार्ग आहे. लेखकाने पुस्तक खुले करावे आणि वाचकाने वाचून झाल्यावर यथाशक्ती मोल द्यावे. ही कल्पना परकी नाही. खालापुरातून बोरघाट चढून पलीकडे गेले की तळेगाव लागते. प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा, या अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून पैसा फंड उभा राहिला आणि लोकमान्यांच्या पाठबळाने १९०८ मध्ये तेथे काच कारखाना सुरू झाला. १९२८ पासून स्वयंसेवक भगव्या ध्वजासमोर गुरुदक्षिणा अर्पण करीत आले आहेत. तेथे रक्कम ठरवून दिलेली नसते. ठरलेला असतो तो समर्पणाचा भाव.

२०१६ मध्ये यूपीआय आल्यापासून दहा रुपयेही क्षणात पाठवता येतात. तेव्हा अडचण साधनांची नाही, वृत्तीची आहे. मराठीच्या अभिमानाच्या घोषणा देणाऱ्या समाजाने मराठी लेखकाचे ऋण फेडलेच पाहिजे. घेणारे हात देणारे झाले, तरच ही ज्ञानगंगा वाहती राहील.